हाताखाली घेणार कोण?

गेल्या महिन्यात आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. जेवणाआधी भाषणं. वीज मंडळातून मोठ्या पदावर निवृत्त झालेले एक सर उठले आणि म्हणाले, "आताच्या पोरांना हात काळे करायला नकोत. डिग्री इलेक्ट्रिकलची घ्यायची आणि हिंजवडीत एसीत जाऊन बसायचं. मग सबस्टेशन चालवणार कोण?" टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागच्या रांगेतला, यंदाच पास झालेला एक मुलगा बसल्या जागेवरून म्हणाला, "सर, तुम्हाला बोर्डाने घेतलं होतं. आम्हाला कोण घेतंय?" थोडा हशा झाला, कुणीतरी "चला, पानं वाढलीत" म्हणालं आणि विषय श्रीखंडात बुडाला.

हा वाद गेली वीसेक वर्षं असाच बुडतोय. एका बाजूला निष्ठेची भाषा: आपली शाखा, आपलं ग्रिड, आपला देश. दुसऱ्या बाजूला पगाराची. दोघांनी 'कोअर (म्हणजे आपल्या शाखेचंच काम) की आयटी' हाच प्रश्न घट्ट धरलाय आणि माझ्या मते प्रश्नच चुकलाय. इलेक्ट्रिकल इंजिनीअरची पहिली दोन-तीन वर्षं कुणाच्या हाताखाली जातात, यावर त्याचं पुढचं बरंचसं ठरतं. ज्या उद्योगाने नव्या माणसाला हाताखाली घेणंच सोडून दिलंय, त्याला 'पोरं पळतात' म्हणून गळा काढायचा अधिकार नाही. आणि नुसता 'कोअर' हा शब्द वाचून जी पोरं ऑफर लेटरवर सही करतात, तीही फसतात.

'हाताखाली' म्हणजे काय, ते मला १९९९ साली कळलं. नाशिकच्या सातपूरला एका कारखान्यात मेंटेनन्सला लागून मला दोन महिने झाले होते. पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी किती कामी लागते त्याचं प्रमाण) सुधारणाऱ्या पॅनलमधला एक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणारा भाग, बदलायचा होता. मी ब्रेकर पाडला, पॅनलचं दार उघडलं आणि मोठ्या आत्मविश्वासाने पान्याकडे हात नेला. आमचे मिस्त्री, वय पन्नाशीचं, शिक्षण सातवी, मागून म्हणाले, "साहेब, हात मागे." मी सांगितलं, सप्लाय बंद केलाय. ते काही बोलले नाहीत. डिस्चार्ज रॉडची क्लिप अर्थिंगच्या पट्टीला लावली आणि रॉडचं टोक दोन टर्मिनलांवर आडवं टेकवलं. ठाक्‌कन आवाज झाला, निळी ठिणगी उडाली, टर्मिनलवर काळा ठिपका राहिला. "बंद केलंय ना? हो. मेलं नव्हतं अजून." कपॅसिटरला डिस्चार्ज रेझिस्टर असतो, तो थोड्या मिनिटांत व्होल्टेज उतरवतो, हे मला पाठ होतं. त्याचं सूत्रही मी फळ्यावर मांडून दाखवलं असतं. त्या कपॅसिटरचा रेझिस्टर जळालेला आहे हे मात्र मला माहीत नव्हतं. मिस्त्रींना माहीत होतं, कारण पंधरा दिवसांपूर्वी त्यांनीच ते लॉगबुकात लिहिलं होतं. दोन महिन्यांत मी लॉगबुक एकदाही उघडलं नव्हतं.

हे कुठल्या सेमिस्टरला शिकवणार? सीटीची (मोठा करंट मीटरसाठी लहान करणाऱ्या करंट ट्रान्सफॉर्मरची) सेकंडरी, म्हणजे मीटरकडची बाजू, कधी उघडी ठेवू नये, हे तोंडी परीक्षेत प्रत्येक पोरगं सांगतं. प्रायमरीचा, म्हणजे मुख्य लाइनचा, करंट तर चालूच असतो. सेकंडरी तुटली की तो सगळा गाभ्याला चुंबकित करण्यात जातो आणि उघड्या टोकांवर काही हजार व्होल्ट उभे राहू शकतात. उत्तर बरोबर, दहापैकी दहा. पण बिघडलेला अँमीटर चालू पॅनलवरून काढायचा असेल, तर आधी टर्मिनल ब्लॉकवरची शॉर्टिंग लिंक (सेकंडरीच्या तारा आपसात जोडणारी पट्टी) कुठे आहे ते शोधायचं, ती सरकवायची, स्क्रू आवळला गेलाय का ते दोनदा बघायचं आणि मगच तारेला हात लावायचा. ही हाताची सवय आहे, ती शेजारी उभा राहणारा माणूसच लावतो. सुरक्षित काम हे या धंद्यातलं निम्मं ज्ञान आहे आणि ते फक्त माणसाकडून माणसाकडे जातं.

कायद्यालाही हे फार आधी कळलंय. १९५६ च्या विद्युत नियमांपासून आजच्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विनियमांपर्यंत एक तरतूद कायम आहे: विद्युत संचमांडणीचं काम परवानाधारक कंत्राटदाराने, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करायचं. डिग्री म्हणजे ते प्रमाणपत्र नव्हे. त्याला अनुभव दाखवावा लागतो. माझ्या ओळखीतल्या किती तरी बी.ई. झालेल्यांना आठ-दहा वर्षं नोकरी करूनही सुपरवायझर परवाना काढायचं सुचलेलं नाही, आणि ज्याला ते 'वायरमन' म्हणून हाक मारतात त्याच्या खिशात त्याचा परवाना असतो. शिवाय यंत्रणेवर काम करायला ज्यांना अधिकार दिलाय, त्या व्यक्तींची नावानिशी नोंद ठेवावी लागते. आता गंमत बघा. कंत्राटदाराच्या रोलवरचा नवा इंजिनीअर सकाळपासून रात्रीपर्यंत ब्रेकर ओढतो, परमिट लिहितो, फ्यूज बदलतो. त्या यादीत त्याचं नाव असतं का? अपघात झाला की मात्र पहिला प्रश्न येतो: तू हात लावलासच कसा?

आता समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करायला हवं, आणि ते बरंच आहे. लहान कारखानदाराचं म्हणणं मी अनेकदा ऐकलंय आणि त्यात खोटं काही नाही. पोरं येतात ती सिंगल लाइन डायग्राम वाचता न येणारी. मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) कुठे लावायचा ठाऊक नाही, कंट्रोल वायरिंगमधला एनओ आणि एनसी (एरवी उघडा आणि एरवी जोडलेला संपर्क) कळत नाही. त्यांना वर्षभर शिकवायचं, त्यांच्या हातून मोडतोड झाली तर सोसायची, आणि जरा कामाची झाली की शेजारचा तीन हजार जास्त देऊन उचलून नेतो. नाहीतर पोरगा दुबईला जातो. मग शिकवण्याचा खर्च मी का करू? दहा-बारा माणसांच्या पॅनल बिल्डरसाठी हा प्रश्न खरोखर जिवाचा आहे. त्यांची बिलं मोठ्या कंपन्या तीन-तीन महिने अडकवून ठेवतात, तोही वेगळाच विषय आहे.

सरांच्या बोलण्यातही तथ्य आहे. सौर कृषी वाहिनीचे फीडर, घरांवरची सोलर, इलेक्ट्रिक बसचे चार्जिंग डेपो, डेटा सेंटर, मेट्रोचं ट्रॅक्शन: पुढच्या वीस वर्षांचं काम या क्षेत्रात समोर दिसतंय. आयटीतल्या पहिल्या नोकरीत टेस्टिंगच्या एक्सेल शीट भरणारी, तिसऱ्या वर्षी प्रोजेक्ट नाही म्हणून 'बेंच'वर बसून धास्तावलेली इलेक्ट्रिकलची मुलंही मी पाहिली आहेत. कोअरमध्ये पगार उशिरा वाढतो पण पन्नाशीतल्या माणसालाही किंमत राहते, हेही खरं.

एवढं सगळं मान्य केल्यावरही मूळ प्रश्न जागेवरच राहतो. तयार माणूस उद्योगाला कधी मिळाला होता? १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात कुंडल स्टेशनजवळच्या माळावर कारखाना काढला, तेव्हा तिथे कुठलं कॅम्पस प्लेसमेंट होतं? ते स्वतः मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवून आलेले. आसपासच्या खेड्यांतली, शाळेचं तोंडही न पाहिलेली माणसं त्यांनी धरली आणि त्यांना घडवून लोखंडी नांगर काढले. 'उमेदवार रोजगारक्षम नाहीत' असा अहवाल लिहायला त्यांना सवड नव्हती. वीज मंडळाचंही तेच. १९६० साली मंडळ स्थापन झालं तेव्हा गावोगाव वीज न्यायला लागणारी माणसं राज्यात तयार होती कुठे? मंडळाने ज्युनिअर इंजिनीअर भरले, त्यांना सबस्टेशनच्या शिफ्टला जुन्या ऑपरेटरबरोबर बसवलं, लाइनमनबरोबर खांबाखाली उभं केलं. व्यासपीठावरचे सर याच वाटेने घडले. तेव्हा घरातून ते किती शिकून आले होते, हे त्यांनी त्या पोराला सांगायला हवं होतं.

मुंबईच्या गिरण्यांचं उदाहरण जास्त बोचतं. तिथे जॉबर, म्हणजे मुकादम, असायचा. भरती तोच करायचा, त्यासाठी दस्तुरी म्हणून पैसे घ्यायचा, मर्जी फिरली की काढून टाकायचा. बदली कामगार सकाळी गेटवर उभा राहायचा, काम मिळालं तर त्या दिवसाची मजुरी. त्या व्यवस्थेची तरफदारी कुणी करू नये. पण दस्तुरी खाणारा जॉबरही नव्या पोराला सांच्यापाशी, म्हणजे मागापाशी, उभं करून शिकवायचा, कारण खात्याचं उत्पादन त्याच्या गळ्यात होतं. आजचा मनुष्यबळ पुरवणारा कंत्राटदार पोराच्या पगारातलं कमिशन घेतो आणि पोराला गेटच्या आत सोडून निघून जातो. कंपनी म्हणते, तो आमचा माणूस नाही. कंत्राटदार म्हणतो, काम माझ्या हातात नाही. म्हणजे जॉबरपद्धतीतली पिळवणूक आपण ठेवली आणि तिच्यातली एकुलती एक कामाची गोष्ट टाकून दिली.

शिकवलं की पळतात, हा मुद्दा राहतो. जिथे नीट शिकवतात तिथून पळतात का, हे तपासू या. गेट परीक्षा देऊन एनटीपीसी किंवा पॉवरग्रिड या सरकारी वीज कंपन्यांमध्ये गेलेल्या मुलाला सुमारे वर्षभराचं प्रशिक्षण असतं, पगारासह. तिथे जायला इंजिनीअर तयार नाहीत अशी ओरड कुणी ऐकली आहे? एकेका जागेसाठी पोरं दोन-दोन वर्षं खोली घेऊन अभ्यास करतात. म्हणजे कोअरचा तिटकारा नाहीच. त्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आणि बाकीचा उद्योग महिना सोळा हजार देऊन निष्ठा मागतो. सरकारी कंपन्यांचा पैसा लहान कारखान्याकडे नाही, कबूल. म्हणून तर १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. १९७३ साली त्यात पदवीधर आणि पदविकाधारक इंजिनीअर आले. २०१९ च्या नियमांत पदवीधराचं किमान विद्यावेतन ९,००० रुपये धरलं होतं आणि किमान विद्यावेतनाचा निम्मा वाटा केंद्र सरकार परत देतं. तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच टक्क्यांपासून पंधरा टक्क्यांपर्यंत शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. घेतातही. पण त्यांना नेमकं काय शिकवलं, हे विचारणारं कुणी नाही. माझ्या पाहण्यातला एक शिकाऊ इंजिनीअर वर्षभर फक्त डीजीचं (डिझेल जनरेटरचं) डिझेल मोजत होता. रोज सकाळी डिपस्टिक, रोज संध्याकाळी डिपस्टिक. वर्षाअखेर त्याला छापील प्रमाणपत्र मिळालं.

आणि न शिकवण्याचा खर्च कुणी मांडतं का? दोन वर्षांपूर्वी एका कारखान्यात मला सल्ल्यासाठी बोलावलं होतं, बिघाड झाल्यावर. कंत्राटी रोलवरच्या नव्या मुलाने अँमीटर बदलताना सीटीची तार सोडवली होती. लिंक सरकवायची असते हे त्याला पुस्तकातून माहीत होतं; त्या पॅनलला लिंक असलेले टर्मिनल ब्लॉक नव्हतेच, साधे होते. तारा आधी बाहेरून शॉर्ट करून घ्यायच्या, हे सांगायला शेजारी कुणी नव्हतं. टर्मिनल स्ट्रिप जळली, सीटी गेली, मुलाच्या उजव्या तळव्याला भाजलं. दीड दिवस प्लांट बंद. मालक मला म्हणाले, "हल्लीच्या पोरांना काही येत नाही हो." मी विचारलं, त्याच्याबरोबर कोण होतं? ते मॅनेजरकडे बघायला लागले. जुना फोरमन वर्षभरापूर्वी निवृत्त झाला होता, जागा भरली नव्हती. फोरमनचा वाचलेला पगार आणि दीड दिवसाचं बुडालेलं उत्पादन यांची बेरीज मी त्यांच्यासमोर केली नाही. करायला हवी होती.

उलटही सांगतो. २०२० च्या एप्रिलपासून राज्यात उच्चदाब ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर येतं, म्हणजे नुसत्या कामी लागलेल्या विजेवर नाही, ओढलेल्या एकूण विजेवर. पॉवर फॅक्टर घसरला की त्याचा फटका थेट युनिटच्या आकड्यातच बसतो. ज्या मुलाला कपॅसिटर बँकेतली कुठली स्टेप मेली आहे हे क्लॅम्प मीटर लावून शोधायला कुणी शिकवलंय, तो महिन्याच्या बिलात आपला पगार सहज काढून देतो. शिकवणं हा धर्मादाय प्रकार नाही.

कोअर आणि आयटी अशी भिंत घालण्यातही मला अर्थ दिसत नाही. ३० जुलै २०१२ च्या पहाटे उत्तर भारताचं ग्रिड कोसळलं, आणि दुसऱ्या दिवशी उत्तरेबरोबर पूर्व आणि ईशान्येचंही. सुमारे साठ कोटी लोकांची वीज गेली. सुरुवात कुठे झाली? बीना–ग्वाल्हेर या ४०० केव्ही लाइनवर. लाइनवर शॉर्टसर्किट नव्हतं. भार प्रचंड आणि व्होल्टेज खाली गेलेलं. डिस्टन्स रिले म्हणजे बिघाड किती दूर आहे ते ओळखून लाइन तोडायला लावणारं उपकरण; त्याच्या तिसऱ्या, लांबवर बघणाऱ्या झोनला ते दूरच्या बिघाडासारखं दिसलं आणि रिलेने लाइन तोडली. रिलेने त्याला दिलेल्या आकड्यांप्रमाणे बरोबरच काम केलं होतं. आता ते सेटिंग तपासणं हे कोअरचं काम की सॉफ्टवेअरचं? आजचा रिले म्हणजे एक संगणकच आहे, सबस्टेशन नेटवर्कवर बोलतं, सोलर इन्व्हर्टरचं सगळं शहाणपण त्याच्या प्रोग्रॅममध्ये असतं. कोड लिहिता येणारा आणि झोन तीन म्हणजे काय हे कळणारा माणूस यापुढे सगळ्यात महाग पडणार आहे. तेव्हा पोटासाठी आधी आयटीत गेलेल्या मुलाला 'गद्दार' ठरवू नका. तो चार वर्षांनी परत येऊ शकतो, फक्त त्याला आत घेणारं दार शिल्लक पाहिजे.

मुलींबद्दल दोन वाक्यं, कारण या वादात त्या कुठेच नसतात. मुलाखतीत त्यांना हमखास विचारतात, "साइटवर जाल ना?" आणि साइटवर स्वच्छतागृह आहे का, हे त्यांनी विचारलं की समोरचे गप्प. वर्गात पहिल्या येणाऱ्या मुली डिझाइनच्या टेबलापाशी नाहीतर आयटीत जातात, मग पुन्हा आपणच म्हणायचं की त्यांना फील्डची आवड नाही.

मेळाव्यात बोललेला तो मुलगा माझ्या मित्राचा निघाला. परवा दोन पत्रं घेऊन घरी आला. एक हिंजवडीचं, वर्षाला साडेतीन लाख. दुसरं भोसरीच्या एका पॅनल बनवणाऱ्या कंपनीचं, महिना सोळा हजार, सहा महिने कंत्राटदाराच्या रोलवर, 'नंतर बघू'. शैक्षणिक कर्जाचा हप्ता सुरू झालेला. "काका, कुठलं घेऊ?" मी म्हटलं, भोसरीवाल्यांना फोन कर आणि चार गोष्टी विचार. मला कुणाच्या हाताखाली ठेवणार, त्यांचं नाव काय? टेस्टिंगला मी उभा राहणार का, की फक्त डिस्पॅचची यादी करायची? सुपरवायझर परवान्यासाठी लागणारा अनुभवाचा दाखला तुमच्या लेटरहेडवर मिळणार की कंत्राटदाराच्या? आणि बूट, हातमोजे कोण देणार? नीट उत्तरं आली तर सोळा हजारावर जा, दोन वर्षं कशीबशी काढू, हप्त्याचं मी तुझ्या बाबांशी बोलतो. नाही आली तर हिंजवडी गाठ, आणि संध्याकाळी रिलेचं पुस्तक बंद करू नकोस.

त्याने माझ्यासमोरच फोन लावला, स्पीकरवर. पलीकडे एचआरच्या बाई होत्या. पहिला प्रश्न ऐकून त्या थांबल्या. "हाताखाली म्हणजे? रिपोर्टिंग मॅनेजर ना?" तो म्हणाला, "नाही मॅडम, काम शिकवणारे कोण असतील?" मागे पंचिंग मशीनचा आवाज येत होता. त्या म्हणाल्या, प्रॉडक्शनला विचारून कळवते.

आज नऊ दिवस झाले. हिंजवडीची जॉइनिंग एक तारखेला आहे.